ब्रेकवरचा पाय

फेब्रुवारीतला पहिला मंगळवार, दुपारी बाराच्या आसपास. रक्कम चारशे ऐंशी रुपये. स्थळ सांगलीतलं गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान. हजर तिघे: दुकानदार, माझे दाजी हणमंतराव आणि मी.

दुकानदारानं काउंटरवर दोन रबरी वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक नवी, पाकिटातून काढलेली. दुसरी जुनी, दाजींनी रुमालात बांधून आणलेली. दोन्ही एकाच मापाच्या असायला हव्या होत्या. जुनी मात्र भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती.

"ब्रेकच्या टाकीत साधं तेल कुणी ओतलं हो?" दुकानदार म्हणाला. "ब्रेकला ब्रेकचंच तेल लागतं. दुसरं घातलं की रबर फुगतं. मग दाबलेला ब्रेक सुटायचा कसा?"

दाजींनी जराही वेळ न घेता उत्तर दिलं.

"पोरानं."

पोरानं ओतलं नव्हतं. हे दाजींना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. दाजी आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढं बोलावं, असं आमच्या घरातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे. चांगलं पुष्कळ आहे, आणि ते मी सांगणारच आहे. पण तो एक शब्द वगळला तर हा माणूस अर्धाच राहील.

हणमंतराव माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनअक्काचे यजमान. गाव कोरेगावच्या पुढं, ओढ्याकाठी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत मोठे ट्रक चालवले आणि हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले. उंची बेताची, छाती पुढं, मिशी कातरलेली. चहा उभ्यानं प्यायचे. घरात शिरताना चपला अशा काढायचे की दोन्हींचे अंगठे एका रेषेत यायचे, आणि दुसऱ्याच्या वाकड्या असल्या तर पायानंच सरळ करायचे. 'कसं काय' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. फोन उचलला की म्हणायचे, "रिपोर्ट?" मी सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. मला पहिल्या दिवसापासून ही सवय आवडली. विचारायचं ते विचारावं, सांगायचं ते सांगावं.

गावात त्यांना सगळे 'सुभेदार' म्हणत. फौजेतून आलेल्या माणसाला एक पायरी वर चढवायची आपल्याकडं पद्धतच आहे. बाकीचे निवृत्त लोक ती पायरी घेऊन टाकतात. दाजींनी ती कधी घेतली नाही. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात माइकवाल्यानं पुकारलं, "सुभेदार हणमंतराव यांनी वधूवरांना आशीर्वाद द्यावेत." दाजी उठले, मांडवातून चालत गेले, माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "हवालदार. सुभेदार न्हाई. चालू द्या." आणि आशीर्वाद न देताच परत येऊन बसले. अक्का लाजेनं लाल झाली. मांडव हसला. मी हसलो नाही. आपल्या नावावर आपलं नसलेलं काहीही राहू देत नाही, असा माणूस आपल्या नात्यात आहे याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. आज हे लिहिताना राग येतो तो त्या अभिमानामुळंच. मुळातच लबाड असलेल्या माणसाच्या खोट्यानं मला काही झालं नसतं.

त्यांचा एकुलता मुलगा विकास. त्याच्या बाबतीत दाजींचं माप निराळं होतं. विकास शाळेत असताना विहिरीवरची मोटर जळली. दाजींनी सरळ ठरवलं, विक्यानं चालू ठेवली. पोरानं शपथ घेतली, अक्कानं मध्यस्थी केली, उपयोग झाला नाही. दोन दिवसांनी मिस्त्रीनं पेटी उघडली तर आत उंदरानं वायर खाल्लेली आणि उंदीरही तिथंच भाजलेला. अक्का म्हणाली, "आता तरी म्हणा की पोराची चूक नव्हती." दाजींनी उंदराकडं बघितलं आणि म्हणाले, "उंदीर आत शिरला कसा? पेटीचं दार ह्यानंच उघडं टाकलं आसंल." ही गोष्ट आमच्याकडं अनेक वर्षं विनोद म्हणून सांगितली गेली. विकास स्वतःही सांगायचा, दाजींची नक्कल करून.

विकासनं डिप्लोमा केला आणि चाकणला एका कारखान्यात लागला. चांगलं चाललं होतं. मग दाजींनीच त्याला बोलावून घेतलं. "परक्याच्या शेडमदी कवर राबतोस? हितं ओढ्याकाठची जमीन हाय, झाडं हायत, हुरड्याला मानसं येत्याती. तू ये, आपुन दोघं मिळून करू." विकास नोकरी सोडून आला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो आपणहून आला नव्हता, त्याला बोलावलं होतं.

हुरड्याचा मळा दोघांनी खरोखरच चांगला उभा केला. थंडीत शनिवार-रविवारी साताऱ्याहून, पुण्याहून गाड्या यायच्या. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं, लसणाची चटणी, गूळ, दही. मी रविवारी सांगलीहून जाऊन पैसे घ्यायच्या टेबलावर बसायचो. पोरांना खेळायला काहीतरी हवं म्हणून विकासनं पाचगणीकडच्या एका माणसाकडून जुनी छोटी एटीव्ही आणली. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, मागच्या आसाला एक डिस्क आणि तिला धरणारा पायाचा ब्रेक. अक्का तिला 'बेडूक' म्हणायची. दाजींनी आधी नाक मुरडलं आणि आठवड्याभरात तिचा ताबा घेतला. ओढ्याकाठी गोल वाट आखली. चालवायचं काम विकासचं. लहान पोराला पुढं बसवायचं आणि फिरवून आणायचं. देखभाल दाजींची.

देखभालीचा त्यांचा मोठा दिवस म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडं सगळेच यंत्रं धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. दाजी त्याच्या पुढं जायचे. "आज यंत्र उपाशी राहता कामा न्हाई," असं म्हणून तेलाचा कॅन घेऊन निघायचे आणि जिथं जिथं तेल कमी दिसेल तिथं तिथं स्वतःच्या हातानं भरायचे. ट्रॅक्टर, पाण्याचं इंजिन, कडबा कापायचं यंत्र. मग सगळी यंत्रं अंगणात ओळीनं उभी करून हजेरी घ्यायचे. यंत्राचं नाव, ड्रायव्हरचं नाव. ड्रायव्हरनं पुढं यायचं, सॅल्यूट ठोकायचा आणि एकशे एक रुपयांचं पाकीट घ्यायचं. ट्रॅक्टरचे ड्रायव्हर ते स्वतःच. ते पाकीट अक्का त्यांना द्यायची आणि ते अक्काला सॅल्यूट करायचे. एटीव्ही आली त्या वर्षी त्यांनी पुकारलं, "एटीव्ही! ड्रायव्हर विकास हणमंत!" विकासनं असा कडक सॅल्यूट मारला की टोपीच उडाली. बापलेक दोघंही हसले. त्या दोघांना एकत्र हसताना मी त्यानंतर बघितलं नाही.

हुरडा सुरू झाला आणि बेडूक रुसायला लागला. पहिल्या काही फेऱ्या ठीक व्हायच्या. मग इंजिन कण्हायला लागायचं, मागून जळका वास यायचा आणि गाडी वाटेच्या मधोमध थांबायची. मागची चाकं जाम. ढकलली तर फरफटत यायची. डिस्कला हात लावला तर चटका. पाहुणे आगटीपाशी जाऊन हुरडा खाऊन येईपर्यंत गाडी आपोआप मोकळी झालेली असायची, जणू काही झालंच नव्हतं.

पहिल्या रविवारी संध्याकाळी पाहुणे गेल्यावर दाजींनी ताडपत्री अंथरली आणि तिच्यावर पाने-पकडी मापाच्या क्रमानं मांडल्या. एकीकडं ते, एकीकडं विकास. मी खुर्चीवर.

"पार्किंगचा खटका?"

"सोडलेला हाय आण्णा."

"दाव. … हं. बेरिंग?"

"फिरवून बघा की. मऊ हाय."

दाजींनी सगळं तपासलं, हे कबूल केलं पाहिजे. हातब्रेकची तार ढिली करून बघितली. डिस्कला खडू धरून चाक फिरवलं आणि ती वाकडी नाही याची खात्री केली. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या काढून पुसल्या, ग्रीस लावलं. पायाच्या दांडीत थोडी मोकळीक ठेवली. टाकीचं झाकण तेवढं उघडून बघितलं आणि लावलं. तेल भरलेलं होतं.

विकास म्हणाला, "आण्णा, थंड असताना काय कळणार न्हाई. मी पाच-सात राउंड मारतो. धरला की तिथंच कॅलिपरवरची तेल सोडायची निपल जरा ढिली करू. तेल उडून चाक सुटलं तर तेल आत अडकतंय. न्हाई सुटलं तर कॅलिपरच जाम हाय."

"ते नंतर. आधी मी बघतो."

दाजी बसले, एक फेरी मारली, उतरले. "एक राउंड, ओके." हे त्यांचं फौजेतलं वाक्य. तिथं गाडी दुरुस्त झाली की ड्रायव्हरनं एक फेरी मारून सही करायची. त्यांनी सही केली. आणि निकाल दिला.

"मशीन ठीक हाय. तुझा पाय ब्रेकवर असतो."

"न्हाई आण्णा."

"असतो. तुझ्या ध्यानात येत न्हाई. नवा ड्रायव्हर असंच करतो. भ्यालेला ड्रायव्हर."

"मी भ्यालेला हाय व्हय?"

"मग चाक काय भुतानं धरलं? मशीन खोटं बोलत न्हाई, विकास. मानूस बोलतो."

पुढच्या रविवारीही गाडी थांबली, आणि त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी गार झाल्यावर दाजींची एक फेरी, आणि ओके. विकास मला टेबलापाशी येऊन म्हणायचा, "मामा, तुमी बघा की माझा पाय कुठं असतो ते." मी बघायचो. पाय पायदानावर असायचा, ब्रेकपासून लांब. मी दाजींना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "अशोकराव, तुमचा टेबलाकडनं अंदाज. हितं पुरावा लागतो."

पुरावा त्यांनी मिळवला. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी त्यांनी सकाळीच, विकासला न सांगता, ब्रेकच्या दांडीला ओला चुना लावून ठेवला. दुपारी मळा पाहुण्यांनी भरलेला. गाडी थांबली तसे दाजी शिट्टी वाजवत गेले आणि विकासला म्हणाले, "बूट काढ." उजवा बूट हातात घेऊन त्यांनी तळवा सगळ्यांना दाखवला. चुन्याचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसत होता.

"हे बघा! म्हनं पाय ठेवत न्हाई!"

"आण्णा," विकास एका पायावर उभा होता, "थांबायचं असलं तर ब्रेक दाबायलाच लागतो की! पोरगं उतरवताना दाबला, चढवताना दाबला. चुना लागणारच!"

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण एका बुटावर उभा असलेला माणूस बरोबर बोलला तरी लोक हसतात. पाहुणे हसले. एकजण म्हणाला, "सुभेदार, कोर्टमार्शल करा!" दाजी वळले आणि म्हणाले, "हवालदार." लोक आणखी हसले. विकासनं बूट घेतला आणि तो घालून होईपर्यंत कुणाकडं बघितलं नाही.

संक्रांत झाली आणि तो चाकणला परत निघाला. जुन्या कारखान्यानं घेतलं नव्हतं. दुसरीकडं, आधीपेक्षा कमी पगारावर लागला. निघताना मी तिथं होतो. बॅग दारात ठेवून तो दाजींना म्हणाला, "आण्णा, मला काय नको. एकदा फक्त म्हणा, पाय तुझा नव्हता. मी बॅग आत नेतो."

दाजी चहा पीत होते, उभ्यानं. "सिद्ध झालं तर म्हनीन."

"आणि झालं तर म्हणाल?"

"मी कवा खोटं बोललोय?"

विकासनं मान हलवली. बापाचा हा शब्द त्यालाही खरा वाटला असणार. मला तर वाटलाच.

सिद्ध व्हायला फार दिवस लागले नाहीत. सव्वीस जानेवारीला मळ्यावर झेंडा लावायचा दाजींचा रिवाज होता. त्या दिवशी गर्दी झाली आणि एटीव्ही चालवायला कुणी नव्हतं. दाजी स्वतः बसले. इस्त्रीची पँट, छातीवर पदकांची पट्टी, पुढं कुणाचं तरी गुबगुबीत पोरगं. उजवा पाय त्यांनी मुद्दाम लोकांना दिसेल असा बाहेर काढून धरला होता, गाडी कशी चालवतात ते दाखवायला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. चार-पाच फेऱ्यांनंतर ओढ्याकडच्या वळणावर इंजिन कण्हलं, जळका वास आला आणि गाडी उभी राहिली. दाजींचा पाय अजून हवेतच होता.

ते त्या पायाकडं बघत राहिले. मी टेबल सोडून धावत गेलो. पोराला उतरवलं. दाजींनी खिशातून पाना काढला, मागं वाकले आणि ती निपल ढिली केली. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. विकासनं सांगितलेली परीक्षा, त्याच शब्दांतली. तेल आत अडकत होतं. त्यांनी ते बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. मग जवळच्या टेबलावरचा पाण्याचा पेला घेऊन त्यात बोट बुडवलं. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं, हे मला नंतर त्या दुकानदारानं सांगितलं. पेल्यातलं तेल विरघळलं नाही. रंगीत तवंग होऊन वर तरंगत राहिलं.

दाजी शेडकडं चालत गेले. मी मागं. त्यांनी ट्रॅक्टरच्या तेलाचा कॅन उघडला, दुसरं बोट त्यात घातलं आणि दोन्ही बोटं नाकापाशी धरली.

"खंडेनवमीला लेवल जरा कमी हुती," ते म्हणाले. माझ्याशी नाही, कॅनशी. "ट्रॅक्टरचा ब्रेक तर ह्याच तेलात बुडलेला असतो."

चूक समजण्यासारखी होती. आपल्याकडं जन्मभर ट्रॅक्टर वापरलेला कुणीही ती करील. ट्रॅक्टरच्या ब्रेकला जे चालतं ते ह्या एवढ्याशा बेडकाला का चालू नये? फौजेत त्यांनी चालवले ते ट्रक हवेच्या ब्रेकचे. मी म्हणालो, "दाजी, होतं असं. विकासला आत्ताच फोन करा. माझ्याकडनं लावून देऊ?"

"आधी दुरुस्त करू," ते म्हणाले. "मग."

दुरुस्तीचं सामान साताऱ्यात मिळालं असतं. ते सांगलीला आले. साताऱ्यात सुट्या भागांच्या दुकानात फौजेतली दोन-चार ओळखीची माणसं असतात. सांगलीत त्यांना मी सोडून कोणी ओळखत नव्हतं. एवढा विचार करून आलेला माणूस दुकानात जे बोलला ते घाईत बोलला असं मी मानत नाही. सांगली ओळख नसलेली होती, दुकानदार परका होता. 'माझ्या हातनं पडलं' म्हणाले असते तरी कोरेगावात ते कुणाला कळलं नसतं. तरीही ते म्हणाले, पोरानं.

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच विचारलं. "दाजी, तेल विकासनं ओतलं?"

"मग काय त्या वाण्याफुडं माझी जलमपत्री मांडू?"

"त्याच्यापुढं नको. विकासपुढं मांडा."

"पावणं," ते थांबून म्हणाले, "बापानं पोराफुडं मागं सरायचं नसतं. एकदा सरला की मग तो बाप कसला? पोरगंच मोठं."

"तुम्ही म्हणाला होता, सिद्ध झालं तर म्हणेन."

त्यांनी सामानाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ते स्टँडकडं चालू लागले. एसटीत बसताना त्यांनी खिडकीतून, सवयीनं, हात कपाळाला लावला. मी लावला नाही.

संध्याकाळी मी विकासला फोन करून सगळं सांगितलं. तेल, पेला, कॅन, दुकान, तो शब्दसुद्धा. तो म्हणाला, "मामा, तुमी सांगितलं ते बरं केलं. पण तुमी कवा म्हणालाव पाय माझा हुता? ज्यांनी म्हटलंय त्यांनी म्हणू द्या."

दाजींनी दुरुस्ती मात्र नमुनेदार केली. सगळी रबरं बदलली, नळीही नवी घातली, आतलं सगळं धुऊन नवं तेल भरलं आणि बुडबुडा येईनासा होईपर्यंत आतली हवा काढत राहिले. मग गाडीवर बसून फेरीमागून फेरी मारत राहिले. अक्का सांगत होती, "ऊन कलेपर्यंत बेडूक घरघरतच हुता. मी म्हनलं, एक राउंड ओके न्हाई व्हय आज? तर माझ्याकडं बघितलं सुदीक न्हाई." म्हणजे पद्धत त्यांनी पोराची घेतली. शब्द तेवढा दिला नाही. अक्का महिन्यातून एकदा तरी म्हणायची, "माफी नका मागू. नुसतं म्हणा, तुझा पाय नव्हता." ते उठून अंगणात जायचे आणि कुणाच्या तरी चपला सरळ करायचे. विकासचा फोन आला की पूर्वीसारखंच "रिपोर्ट?" विचारायचे. विकास म्हणायचा, "ठीक." फोन अक्काकडं जायचा.

मी दाजींना शेवटचं बघितलं ते त्या वर्षीच्या खंडेनवमीला. यंत्रं धुतलेली, माळा घातलेल्या. दाजी कॅन घेऊन निघाले. पाठ थोडी वाकली होती. ट्रॅक्टरला दिलं, इंजिनाला दिलं. एटीव्हीपाशी आले आणि थांबले. ब्रेकच्या टाकीच्या झाकणावर त्यांनी कधीतरी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे घातले होते. त्यांनी कॅन खाली ठेवला, अंगठ्यानं त्या पट्टीवर कुंकू लावलं आणि अंगठा तसाच दाबून उभे राहिले. अक्कानं माझ्याकडं बघितलं. आम्हा दोघांनाही वाटलं, आता बोलतील.

ते मागं सरकले, ताठ झाले आणि हजेरी सुरू केली.

"एटीव्ही! ड्रायव्हर विकास हणमंत!"

गाडीवर कुणी नव्हतं. तो येणार नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. दाजींनी नेहमीइतकाच वेळ वाट बघितली.

"गैरहाजर," ते म्हणाले, आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "पोचतं करा."

"निरोप काय देऊ?"

"निरोप कसला? दरसालचंच हाय."

दिवाळीच्या तोंडावर ते गेले. सकाळी उठून चपला घातल्या आणि ओट्यावरच बसले ते बसले. विकास आला, त्यानं सगळं केलं. तेराव्याचं आटोपल्यावर मी पाकीट त्याच्यापुढं ठेवलं. वर दाजींच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'ड्रायव्हर, एटीव्ही.'

"देताना काय म्हणाले?"

स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. तिचे डोळे मला काय सांगत होते ते मला कळत होतं. एक वाक्य जोडलं असतं तर दोघांनाही बरं वाटलं असतं. पण जे वाक्य त्या माणसानं जिवंतपणी दिलं नाही ते त्याच्या नावावर मी कसं लिहिणार?

"दरसालचंच हाय, म्हणाले."

विकासनं पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. अक्का आत गेली.

दुसऱ्या दिवशी फलटणकडच्या एका माणसाचा टेम्पो एटीव्ही न्यायला आला. विकासनं मळा बंद करून ती विकली होती. टेम्पोच्या ड्रायव्हरनं आणि त्यानं मिळून गाडी चढवली. ड्रायव्हरनं दोरी आवळली आणि मागचं चाक हलवून बघितलं.

"आवं, ब्रेक बीक ठीक हाय न्हवं? ह्या जुन्या गाड्यांचं ब्रेक लय धरत्यात."

"पयला धरायचा," विकास म्हणाला. "आता न्हाई. वडलांनी नीट केलाय."

"काय झालतं?"

विकासनं झाकणावरची चिकटपट्टी बोटानं दाबून बसवली. तिच्यावरचं कुंकू अजून होतं.

"कायसुदीक न्हाई. चालवणाऱ्याचा पाय असायचा ब्रेकवर."

त्यानं खिशातलं पाकीट काढलं आणि न उघडता ड्रायव्हरपुढं धरलं. टेम्पोचं भाडं गाडी विकत घेणाऱ्यानं आधीच चुकतं केलं होतं, म्हणून ड्रायव्हर म्हणाला, "ह्ये कशाचं?"

"वर लिहिलंय की. ड्रायव्हरचं हाय."

एकशे एक रुपये. दिले विकासनं, मिळाले टेम्पोच्या ड्रायव्हरला. हजर आम्ही तिघे.